तुळजाक्कांची राहिलेली सही

बायको गेली तेव्हा मी दिलेला रजेचा अर्ज सेतुमाधवरावांनी परत केला. सहीखाली तारीख नव्हती.

"दुःख आहे, कबूल," ते म्हणाले, "पण तारीख नसलेलं दुःख कोर्टात टिकत नाही, सार."

चेन्नईतल्या आमच्या वकिली कचेरीत ते हेड क्लार्क होते, मी मसुदे तपासणारा. रावांचं घराणं तंजावरचं मराठी, बिऱ्हाड वेस्ट मांबलमला, एकट्याचं. कागदात खोट काढणं हा एकच शौक. "राव जेवणाच्या डब्यालाही अनुक्रमणिका मागतील," असं टायपिस्ट शांती म्हणे. माझ्याशी ते मराठी टाळत, तमिळच बोलत. "तुमची मराठी पुस्तकातली, आमची चुलीपुढची. शेजारी बसवू नका."

अशा माणसाच्या हातून तुळजाक्कांच्या कागदांवर मात्र हमखास एक सही राहायची. अक्काही तंजावरकडच्याच, विधवा. घराच्या वाटणीसाठी दिराशी भांडत होत्या. कोर्टातून कागद परत येत, वकीलसाहेब खवळत.

"वय झालं, सार," राव मान खाली घालत.

मग अक्कांना अण्णा नगरहून सहीला यावं लागे. दोघं खिडकीशी कॉफी घेत, अर्ध्या तमिळमधल्या त्या जुन्या मराठीत डांगर पचडीतल्या हिंगावरून हुज्जत घालत. राव हसताना दिसत ते तेवढेच.

एकदा मी पाहिलं, अक्का सह्या करत असताना रावांचा तळवा एका पानावर, सहीच्या जागी पसरलेला होता. मी माझ्या मसुद्याकडे वळलो. घरात आपल्या भाषेत हाक मारणारं कुणी उरलं नाही की काय होतं, ते मला नुकतंच कळू लागलं होतं.

पुढे दीर तडजोडीला तयार झाला. कागद लगेच दाखल व्हायला हवे होते, नाहीतर तो फिरला असता. तडजोड झाली की अक्का कायमच्या लेकीकडे कॅनडाला जाणार होत्या.

अक्का सहीला आल्या. राव एकेक पान कडेला धरून उलटत होते.

"राव, आज काही विसरणार नाही?" अक्कांनी मान वर न करता विचारलं.

शांतीचं टायपिंग थांबलं.

"आज नाही, अक्का."

"शिकलात म्हणायचे एकदाचे."

"उशिरा शिकलो."

अक्कांनी शेवटच्या पानावर सही केली. बॉलपेनची शाई वाळवावी लागत नाही. तरी राव तिच्यावर बराच वेळ फुंकर घालत राहिले.