घरात किती जण बघणार?

सर्वगोडकाका एकट्या माणसाला सिनेमा देत नसत.

सात रस्त्याजवळच्या आमच्या वाचनालयात पुस्तकांच्या खिडकीवर मी बसते आणि शेजारच्या सिनेमाच्या खिडकीवर काका बसत. त्यांच्या पाठीमागे डीव्हीडींचं एक लोखंडी कपाट. सभासदानं सिनेमाचं नाव घेतलं की काका चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, "घरात किती जण बघणार?" उत्तर "मी एकटाच" असं आलं की डबी पुन्हा कपाटात.

"एकट्यानं एक्स-रे बघायचा असतो. सिनेमा न्हाय."

असा नियम वाचनालयात कुठंही लिहिलेला नव्हता. पण ते काकांना सांगायची कुणाची टाप नव्हती.

टेंभुर्णीहून बदली होऊन आलेला एक क्लार्क खोली घेऊन एकटाच राहायचा. तो अगदी गयावया करायला लागला. "मग घरमालकाला घ्या की संगं," काका म्हणाले. बिचाऱ्यानं खरंच घरमालकाचं सगळं कुटुंब गोळा करून सिनेमा बघितला. डबी परत द्यायला आला तेव्हा त्याची उलटतपासणी झाली. ही काकांची दुसरी खोड. कोण कुठं हसलं, कोण कुठं रडलं, हे सांगितल्याशिवाय ते डबी जमा करून घेत नसत. कुणी "अर्धाच बघितला" म्हणालं तर डबी परत त्याच्याच हातात. "ताटात टाकून उठायचं न्हाय."

गंमत म्हणजे काका स्वतः सिनेमाची गोष्ट सांगायला लागले की ती भलतीच निघायची. "हा न्या, लई चांगला हाय. मधी आजी चष्मा शोधाय लागतात, तितं लई हसू येतं." सभासद सिनेमाभर त्या आजींची वाट बघायचे. सिनेमात आजीही नसायची आणि चष्माही. काकांचं डोकं कपाटासारखंच गंजत चाललंय, असं आम्ही डबा खाताना म्हणायचो.

मग सिनेमे फोनवर आले आणि काकांची खिडकी ओस पडायला लागली. या प्रकाराला ते नुसतं "नळ" म्हणत. "आपल्याकडं नळाला पाणी चार दिवसांआड, आन् सिनेमा चोवीस तास! बाप आतल्या खोलीत एक बघतोय, पोरगं गच्चीवर दुसराच." तो टेंभुर्णीचा क्लार्कही यायचा बंद झाला. एकदा रस्त्यात दिसला, कानात फोनची बोंडं घातलेला. काकांनी त्याला थांबवून विचारलं, "घरमालक कसे हायत?" त्यानं एक बोंड काढून विचारलं, "कोण?"

काकांनी हातपाय मारले नाहीत असं नाही. घरात प्लेअर नाही म्हणणाऱ्याला ते वाचनालयाचा प्लेअर पिशवीत घालून द्यायला लागले. नियम मात्र ढिला करेनात. मी म्हटलं, "काका, सोडा की जरा. निदान कपाट तरी राहील."

"कपाट राहील, ताई. पर मग त्या नळात आन् आपल्यात फरक काय राहिला?"

व्हायचं तेच झालं. कपाट काढून तिथं अभ्यासिकेची टेबलं टाकायची आणि काकांना वर्तमानपत्रांकडे बसवायचं, असं ग्रंथपाल मॅडमनी सांगितलं. डीव्हीडी भंगारात जाण्याआधी कर्मचाऱ्यांनी हव्या त्या घरी न्याव्यात. शिपायापासून सगळ्यांनी पिशव्या भरल्या. काकांनी एकच डबी काढली, तबकडी फडक्यानं पुसली आणि परत जागेवर ठेवली.

"न्या की, काका."

"नियमात बसत न्हाय, ताई."

"तुम्हाला कसला नियम?"

"आमची मालकीण गेली तवापासून घरात मी एकटाच. ह्या कपाटातला एक पण सिनेमा बघितलेला न्हाय मी."

म्हणजे चष्मा शोधणारी ती आजी कुणातरी सभासदाच्या घरातली होती. लोक परत येऊन जे सांगायचे, तोच काकांचा सिनेमा होता. डबा खातानाचं आमचं हसणं आठवलं.

मी ती डबी उचलली. "काका, मला विचारा, घरात किती जण बघणार?"

"किती जण?"

"सासूबाई, आमचे हे, मी आणि तुम्ही. रविवारी या."

रविवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले, हातात प्लेअरची पिशवी. दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर टेकले. सासूबाई म्हणाल्या, "अहो, तिकडं पाहुण्यासारखं काय? असे मध्ये बसा." काका उठून सोफ्यावर आमच्या ह्यांच्या शेजारी बसले. सिनेमापेक्षा ते आमच्या तोंडांकडेच जास्त बघत होते. मध्ये सासूबाई पाणी प्यायला उठल्या, तर त्यांनी पटकन सिनेमा थांबवून धरला.

दुसऱ्या दिवशी कपाटाच्या जागी टेबलं आली होती. काका वर्तमानपत्रं लावत होते. मी त्यांच्याच सुरात विचारलं, "कसा होता सिनेमा? कुठं रडलात?"

"लई चांगला," काका म्हणाले. "मधी आजी पाण्याला उठतात, तितं सगळे त्यांच्यासाठी थांबतात. आन् एक म्हातारा हाय बघा त्यात, दाराजवळ बसलेला. त्याला म्हणतात, असे मध्ये बसा." त्यांनी हातातल्या पेपरची घडी उगीचच पुन्हा घातली. "तितं रडलो."