पुंजाजीची पिचकारी

ट्यूबामध्ये रंगपंचमीची पिचकारी कथलाचा डाख देऊन बसवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्याच बँडमध्ये असावा हे माझं नशीब.

पुंजाजी वाशीमच्या बाहेर मळा करायचा. वांगी, मेथी, मिरची. लग्नसराई आली की जरीचा फेटा बांधून माझ्या बँडमध्ये ट्यूबा वाजवायचा. ट्यूबा म्हणजे ते सगळ्यात मोठं पितळी वाद्य, वाजवणाऱ्याच्या अंगाला अजगरासारखं बिलगलेलं. गाव त्याला भोंगा म्हणे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. आमचा भोंगा कुठल्याशा पलटणीतून मोडीत निघालेला होता, पण सुरात होता. पुंजाजीच्या हाती पडेपर्यंत.

"हवेले लांब रस्ता पाह्यजे, मास्तर," हे त्याचं कायमचं तुणतुणं. नळी जितकी लांब तितका सूर खाली, हे मलाही कळतं. म्हणून कुणी नळी वाढवत सुटतं का? आधी त्यानं बोटभर तुकडा जोडला. पुढच्या वर्षी वीतभर. मग शिमगा झाल्यावर घरातली जुनी पितळी पिचकारी कापली आणि तिची अख्खी नळीच मध्ये घातली.

"अरे, काढता-घालता येईल अशी तरी बसव," मी कपाळाला हात लावला.

"पाह्यलं ना करून. मेण लावलं, फडकं गुंडाळलं. फटीतून हवा पळून राह्यली. सूर पोटातच मरते."

म्हणून डाख दिला. पक्का.

बरं, अख्खा भोंगा सारखा उतरला असता तर आम्हीही आपापली वाद्यं जमतील तेवढी उतरवली असती. पण चाव्यांच्या नळ्या राहिल्या जुन्याच मापाच्या. त्यामुळे चावी न दाबता लावलेला सूर पार विहिरीत, आणि चाव्या दाबल्यावर जितकं खाली जायला हवं तितकं भोंगा जायचाच नाही. माझ्या क्लॅरिनेटनं कुणाचा हात धरून चालायचं? हे मी त्याला दहादा समजावलं. तो मान डोलवायचा आणि पुन्हा रस्त्याच्या लांबीवर यायचा.

शेलूबाजारला एका व्यापाऱ्याच्या घरची वरात होती. आम्ही सलामी दिली, आणि नवरदेवाचा मामा सगळ्या मांडवासमोर ओरडला, "मास्तर, बँड वाजून राह्यला का म्हैस रेकून राह्यली?" त्या घरची पुढची लग्नं दुसऱ्या बँडकडे गेली. परतीच्या छकड्यात मी स्पष्ट सांगितलं, "पिचकारी काप, नाहीतर बँड सोड." पुंजाजी फडक्यानं भोंग्यावरची धूळ पुसत राहिला. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग तो फिरकलाच नाही. लग्नं तोंडावर आलेली. शेवटी मीच तणतणत त्याच्या मळ्यात गेलो.

पुंजाजी विहिरीजवळ भोंगा मांडीवर घेऊन बसला होता. शेजारी पितळ कापायची करवत. समोर त्याची बायको, सरूबाई. तिला कमी ऐकू येतं एवढं मला ठाऊक होतं. तिनं तळहात भोंग्याच्या अंगावर ठेवला होता. पुंजाजीनं सगळ्या चाव्या दाबून अगदी तळातला सूर लावला. सरूबाईचा चेहरा फुलला. "आला," ती म्हणाली. त्यानं चाव्या सोडल्या आणि वरचा सूर लावला. गाल फुगले, मानेच्या शिरा तटतटल्या. सरूबाई वाट पाहत राहिली. "वाजवा ना," ती म्हणाली.

मला पाहून पुंजाजी उठला. "तिले वरचं काहीच आयकू येत नाही, मास्तर. पयले येत होतं. जसजसं कमी होत गेलं, तसतशी मी नळी वाढवली. आज कापतोच. म्हणलं, एक डाव आयकवून घेतो."

राग होता तेवढाच होता, पण तो कुठं ठेवावा हे कळेना.

"मास्तर," सरूबाईनं आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारलं, "हे सुरात वाजवतेत ना? मले तर लय गोड लागते."

मी हो म्हणून मान हलवली. तिनं डोळे बारीक करून पाहिलं, तशी पुन्हा हलवली, चांगली जोरात. ती समाधानानं वांगी तोडायला गेली.

मी करवत उचलून काखेत मारली. पुंजाजी माझ्याकडे बघतच राहिला.

"सोमवारी शिरपूरले वरात हाय," मी म्हटलं. "येळेवर येजो."