पांढऱ्या मोज्यांची परीक्षा

जिना स्वच्छ झाला की नाही, हे मुळीककाका पायांनी ठरवतात. स्वतःच्या दारात ते चपला काढतात, पांढऱ्याशुभ्र मोज्यांचा धुतलेला जोड घालतात आणि माळ्यापासून तळमजल्यापर्यंत प्रत्येक पायरीवर दोन्ही पावलं टेकवत उतरतात. कठड्याला हात लावत नाहीत. शेवटच्या पायरीवर बसून एक तळवा गुडघ्यावर घेतात, दिव्याकडे वळवून पाहतात, मग दुसरा. तोवर कोणी बोलायचं नसतं.

"पाच," ते म्हणाले.

जर्मनीत गुण उलटे असतात. एक म्हणजे उत्तम, पाच म्हणजे नापास. मला येऊन आठवडा झाला होता. विद्यापीठातला एकही तास अजून झाला नव्हता. नापास मात्र मी झालो होतो.

"कुठे राहिलंय, काका?"

त्यांनी पाऊल माझ्या नाकासमोर धरलं. "इथं. टाचंपाशी."

मी पाहिलं. मोजा पांढरा होता. चष्मा पुसून पाहिलं. मोजा पांढराच होता.

"तुला नाही दिसायचा तो डाग," ते समजुतीने म्हणाले. "उभी नोकरी रंग तपासण्यात गेलीय माझी."

हे खरं आहे. दिगंबर मुळीक मूळचे कराडकडचे. स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात वेगवान गाड्यांचा कारखाना आहे, तिथे ते रंगविभागात होते. झगझगीत दिव्यांखाली उभं राहून, इतरांना न दिसणारा धुळीचा कण बॉनेटवर शोधून काढायचा, हे त्यांचं काम. आता ते निवृत्त आहेत. समोर गाड्या येत नाहीत, म्हणून उरलेलं जग तपासतात.

माझी त्यांची ओळख फोनवर झाली. नाशिकला एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर काही वर्षं काढून मी शिकायला निघालो होतो. प्रवेश मिळाला होता, व्हिसा मिळाला होता, खोली मिळत नव्हती. कोणीतरी काकांचा नंबर दिला. त्यांनी नाव विचारलं नाही, विषय विचारला नाही.

"झोपायच्या आधी खिडकी उघडतोस का?"

"उघडतो."

"किती?"

हा प्रश्न मला अभ्यासक्रमाबाहेरचा वाटला. "पूर्ण," मी अंदाजाने म्हणालो.

"गेनाऊ!" पलीकडून आनंदाचा आवाज आला. बरोबर, या अर्थाचा हा शब्द ते इतक्या जोरात म्हणतात, की ऐकणाऱ्याला बक्षीस लागल्यासारखं वाटतं. "ये. माळ्यावरची खोली तुझी. पण प्रोबेत्साइट असंल."

प्रोबेत्साइट म्हणजे उमेदवारीचा काळ. जर्मन कंपन्या नव्या माणसाला ठेवतात तसा. माझी उमेदवारी जिन्यावर होती. या भागात एक जुनी रीत आहे, केरवोखे. ज्याच्या दारावर लाकडी पाटी लटकेल, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा आणि शनिवारी पाटी शेजाऱ्याच्या दारावर लटकवायची. "आपलीच पद्धत," काका म्हणाले. "केर हा शब्द कुणाचा? आपला! ह्यांनी वोखे, म्हणजे आठवडा, तेवढा जोडला."

घरात तीन मजले. तळमजल्यावरच्या आजींना वयामुळे सूट. म्हणून पाटी काका आणि मी यांच्यात फिरायची, आणि मी नापास झालो की माझ्याकडेच राहायची. लटकवणं काकांना मंजूर नव्हतं. बेल वाजवायची, पाटी हातात द्यायची, परीक्षा द्यायची आणि मग चहाला बसायचं. चहाबरोबर तोंडी परीक्षा.

"काय जेवलास? आईला फोन केलास? रस्ता लाल दिव्यावर ओलांडलास?"

"रस्त्यावर कुत्रंही नव्हतं, काका."

"समोरची खिडकी बघते."

समोरची खिडकी हा त्यांच्या बोलण्याचा आधारस्तंभ आहे. रस्त्यापलीकडच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक पडदा असतो. त्याच्यामागून आपल्यावर नजर आहे, याबद्दल काकांना शंका नाही. बाटल्या चुकीच्या डब्यात टाकल्या, खिडकी बघते. रविवारी खिळा ठोकला, खिडकी बघते. पहिल्या पंधरवड्यात मी त्या पडद्याला दोनदा नमस्कार केला.

या काळात मला कामही मिळालं. स्टेशनजवळच्या बेकरीत, सकाळच्या पाळीला. पुण्यात क्लास लावून शिकलेलं माझं जर्मन आणि त्सुफेनहाउझेनच्या पेन्शनरांचं जर्मन यांचा फारसा संबंध नव्हता. पहिल्या सकाळी मी काउंटरमागे चिमटा धरून उभा होतो, आणि रांगेत काका दिसले. कोट, टोपी, इस्त्रीची पँट. त्यांनी ओळख दाखवली नाही. नंबर आल्यावर अस्सल स्थानिक सुरात अर्धा पाव मागितला. कापून, पण पातळ नको. दोन ब्रेझल, म्हणजे गाठ मारलेले खारे पाव, लोणी लावून, एक बिनलोण्याचं, आणि त्यावरचं मीठ झटकून.

मी घामाघूम झालो. काकांनी मान पुढे काढली आणि ओठ न हलवता मराठीत म्हणाले, "पिशवी आधी उघड. चिमटा उजव्या हातात. हस जरा, लेका. एवढं नको."

सामान घेऊन ते बाहेर गेले आणि पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहिले. या वेळी खसखशीचे पाव. मग पुन्हा रांग. पाळी संपेपर्यंत माझा हात बसला होता, आणि मालकीणबाई मला विचारत होत्या, "या गृहस्थांचं कुटुंब मोठं दिसतंय?"

कुटुंब म्हणजे काकू आणि मुलगी गौरी. गौरी लुडविग्सहाफेनला केमिस्ट आहे. तिला बाळ झालं तेव्हा काकू दोन महिन्यांसाठी तिकडे गेल्या. ते बाळ आता किंडरगार्टनमध्ये जातं आणि काकू अजून तिकडेच आहेत. "काकू डेप्युटेशनवर आहे," काका सांगतात. रोज संध्याकाळी फोन होतो. काका नातीला मराठीत विचारतात, ती जर्मनमध्ये उत्तर देते. काका "गेनाऊ!" म्हणतात आणि फोन संपतो.

रांगेतल्या खरेदीचं पुढे काय झालं, हे नोंदवायला हवं. आम्ही आठवडाभर ब्रेझल खाल्ली. शिळी झाल्यावर काकांनी ती कुस्करून मोहरी, कांदा, हिरवी मिरची घालून फोडणीला टाकली, वर कोथिंबीर पेरली. आठवडाअखेर मला जर्मन आणि मराठी न्याहारीतला फरक सांगता आला नसता.

शनिवार मात्र चुकत नव्हता. मी जिना झाडून पुसला. पाच. कडेच्या फटी जुन्या टूथब्रशने घासल्या. पाच. गुडघ्यांवर बसून कोरड्या फडक्याने चकाकवला. काकांनी तळवा बराच वेळ पाहिला. "सुधारणा हाय," ते म्हणाले. "पाच."

एक गोष्ट मला चमत्कारिक वाटायची. मंगळवारी मी दिवसभर विद्यापीठात असे, आणि संध्याकाळी परतलो की जिन्यात लिंबाचा वास येई.

"खालच्या आजी मंगळवारी लिंबाचा केक करतात," काका म्हणाले. मी ही माहिती दुसऱ्या कोणाकडून पडताळून घेतली नाही. डेस्कवर असतो तर बोलणी खाल्ली असती.

नापास झालो तर खोली जाणार, असं गृहीत धरून मी पहिल्या पाचानंतरच विद्यार्थी वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीत नाव घातलं होतं. एका गुरुवारी मेल आला. खोली होती, विद्यापीठाच्या दाराशीच. होकार सोमवारपर्यंत कळवायचा होता. मी खाली जाऊन काकांना सांगितलं. ते कढईपाशी उभे होते.

"आल्झो," ते म्हणाले. आल्झो, म्हणजे 'तर मग', म्हटलं की जर्मन माणूस पुढे काहीतरी बोलतो. काकांनी मोहरी परतली. "आल्झो," ते पुन्हा म्हणाले. गॅस बंद केला. "चांगलं झालं. पोरानं पोरांत राहावं. पण शनिवारी शेवटची परीक्षा. जिना पास करूनच जायचं. नियम हाय."

शनिवारी दुपारी मी माळ्याच्या दारापाशी बादली भरत होतो, तेवढ्यात एक बाई लाडवांचा डबा घेऊन जिना चढून आल्या. माझ्या हातातला फडका पाहिला, दारावरची पाटी पाहिली, डबा पायरीवर ठेवला आणि भिंतीला टेकून हसायला लागल्या. या काकू.

"अरे, तू खरंच पुसतोस?"

"माझी पाळी आहे."

"कुणी सांगितलं?"

"काकांनी."

"काय हा माणूस!" त्यांनी पदराने डोळे टिपले. "अरे, ह्या घरात केरवोखे नाही. कंपनीची बाई येते मंगळवारी, यंत्र घेऊन. म्हणून तर हे घर घेतलं आम्ही! हेच म्हणाले होते, सुटलो गं, आता मरेपर्यंत फडक्याला हात लावायचा नाही."

"मंगळवारी? मग तो लिंबाचा वास?"

"लादी पुसायचं औषध."

"काका म्हणाले, खालच्या आजी केक करतात."

"त्यांना मधुमेह आहे!" काकू पुन्हा भिंतीला टेकल्या.

मी धीर करून समोरच्या खिडकीबद्दल विचारलं. तिथे कोणी राहत नव्हतं. सायकलच्या दुकानाचं गोदाम होतं.

हसू ओसरल्यावर त्यांनी पाटी काढून हातात घेतली. "ही आमच्या जुन्या घरातली. आम्ही नवीन आलो, तेव्हा वर्षभर आमच्या दाराची बेल कुणी वाजवली नाही. चालते की बिघडली, हेसुद्धा कळलं नसतं. वाजवायची ती फक्त वरच्या मजल्यावरची म्हातारी. ती शनिवारी पाटी घेऊन यायची. लटकवून जाता आलं असतं तिला. पण बेल वाजवायची, जिन्याला नावं ठेवायची, मग आत येऊन कॉफी घ्यायची, आम्हाला बोलायला लावायची. हे चिडायचे खूप. पण शनिवारी दुपारपासून ह्यांचे कान दाराकडे." त्यांनी पाटी परत अडकवली. "परवा फोनवर म्हणाले, पोरगं चाललंय, आता जिना कोण पुसणार? मी विचारलं, कुठला जिना? तर फोनच ठेवला. म्हटलं, जाऊन बघावं."

त्या डबा घेऊन खाली गेल्या. खालून आवाज आला, "अहो, चहा टाकू का परीक्षेनंतर?" काकांनी काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही.

मी जिना पुसला. आधीच स्वच्छ असलेला जिना पुसायला वेळ लागतो, कारण कुठे थांबायचं ते कळत नाही. मग काकांची बेल वाजवली आणि पाटी हातात दिली.

काकांचे मोजे नवे होते. घडीच्या रेघा दिसत होत्या. ते माळ्यापर्यंत चढले, प्रत्येक पायरीवर दोन्ही पावलं टेकवत उतरले आणि शेवटच्या पायरीवर बसले. मी शेजारी उभा राहिलो. त्यांनी एक तळवा दिव्याकडे वळवला. मग दुसरा. मग पुन्हा पहिला.

"एक," ते म्हणाले.

वर दारात काकू उभ्या होत्या.

"स्वच्छ हाय," काका म्हणाले. पाय मात्र त्यांनी खाली ठेवला नव्हता. "पास झालास. जा आता."

मी त्यांच्याजवळ बसलो. त्यांचं पाऊल हातात घेतलं, दिव्याकडे वळवलं आणि चष्मा पुसून नीट पाहिलं.

"काका, हे बघा," मी म्हणालो. "टाचेपाशी. राहिलंय इथे. एक कसा देता? मला पुढच्या शनिवारी पुन्हा करावं लागेल. वसतिगृहाला तसं कळवतो."

काकांनी खिशातून चष्मा काढला, चढवला आणि त्या पांढऱ्याशुभ्र मोज्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"गेनाऊ," ते म्हणाले. या वेळी अगदी हळू.