शोभेच्या चकत्या

भाज्या-फळं सुकवायचं ते यंत्र मी आरोग्यासाठी घेतलं, असं मी सगळ्यांना सांगते. खरं कारण समोरच्या फ्लॅटमधली उषा. इंदूरची, म्हणजे नमकीनच्या गावची. तिने बिनतेलाचे गाजर-बिटाचे चिप्स करून बाग सेवनियातल्या आमच्या अख्ख्या कॉलनीला वेड लावलं होतं. आमच्या ह्यांना, मनोहररावांना, एरवी आमटीत मीठ नसलं तरी पत्ता लागत नाही. पण उषाकडून आले की कुरकुरीतपणावर प्रवचन द्यायचे.

म्हटलं, ती इंदूरची तर मी नागपूरची. संत्री, बीट, सफरचंद, सगळ्याच्या चकत्या केल्या. यंत्र दिवसभर म्हाताऱ्या कूलरसारखं घरघरत राहिलं. चकत्या निघाल्या देखण्या! पण ह्यांनी एक चावली, गाल धरला आणि गुपचूप पोहे मागितले.

मी कसली हार मानते? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या चकत्या काचेच्या मोठ्या वाडग्यात रचल्या आणि मधोमध ठेवल्या. बायका भोवती जमल्या, वास घेतला, फोटो काढले. खाल्ली मात्र एकीनेही नाही. मला वाटलं, लाजताहेत. "घ्या ना" म्हणणार, तेवढ्यात उषा म्हणाली, "वैजयंतीताई, डेकोरेशन तर एक नंबर आहे. सुवासही किती छान! माझ्या ड्रॉइंगरूममध्ये ठेवायला थोडं द्याल का?"

हे खायचं आहे, असं सांगायला माझी जीभ रेटेना. शिवाय उषाला माझ्याकडचं काहीतरी हवंय, हे सुख काही लहान नव्हतं. मी तिला डबा भरून दिला.

पुढच्या रविवारी तिने आम्हा दोघांना चहाला बोलावलं. टीपॉयवर सुरेख वाडग्यात माझ्याच चकत्या मांडल्या होत्या. ती आत चहा टाकायला गेली आणि मी तिचे नवे पडदे निरखत बसले. शेजारून 'कुर्रम' असा आवाज आला. बघते तर हे संत्र्याची चकती खात होते. मग बिटाची घेतली. मग दोन एकदम.

मी डोळे वटारले, तर माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "अगं, हाताला चव लागते ती अशी. कसं करते ते जाताना विचारून घे तिला."

तेवढ्यात उषा चहा घेऊन आली. मी कप उचलला आणि जन्मात पहिल्यांदाच मला माझ्याच बिटाचा हेवा वाटला.