काठावरचा बापू

पहिल्या भेटीत बापूनं मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्या छातीकडं बघत तो मिनिटभर गप्प उभा राहिला आणि म्हणाला, "पावणं, बावीस. लई हवा खातासा."

मी नुकताच पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटलो होतो. संस्थान विलीन होऊन दोनेक वर्षं झाली असतील. नवी नोकरी, नवा कोट, गळ्याशी बटण गच्च लावलेलं. आणि हा वाळक्या शेंगेसारखा म्हातारा भर अंगणात माझे श्वास मोजत होता. मला राग आला. त्यानं खुशाल पुढं होऊन माझ्या गळ्याचं बटण काढलं, आणखी मिनिटभर मोजलं आणि म्हणाला, "आता सतरा. बगा, एका बटनानं पाच वाचलं." त्या दिवसापासून मी त्याला टाळायला लागलो. अर्थात त्याच्यापासून सुटका तशी कुणाचीच नव्हती.

कसबा बावड्याच्या बाजूला नदीकाठी आमची जॅकवेल होती. नदीचं पाणी आत घेऊन पंपानं वर उपसायची ती खोल विहीर. तिच्या तळाच्या लोखंडी जाळीत गाळ आणि उसाचं पाचट अडकायचं, आणि अडकलं की निम्मं गाव घागरी घेऊन आमच्या नावानं शंख करायचं. मग शिवा भोई डोक्याला तांब्याचा टोप आणि पायांत शिशाचे जोडे चढवून खाली उतरायचा आणि हातानं जाळी मोकळी करायचा. वर काठावर बसून त्याला रबरी नळीतून हवा पुरवायचा तो बापू. हातपंपाचा दांडा वर-खाली, वर-खाली, तासन् तास. त्याच्या डाव्या मनगटाला दोराचं एक टोक, शिवाच्या कमरेला दुसरं. खालून एक झटका आला की ठीक, दोन आले की हवा वाढव. हे काम तो लढाईच्या काळात मुंबईच्या गोदीत शिकला होता आणि दुसऱ्या कुणाला दांड्याला हात लावू देत नसे.

"पान्यात हवा कोन खातंय ठावं हाय का?" तो कुणालाही धरून विचारायचा. "नाक न्हवं. भ्या खातंय. मग चावनारा जोडा खातोय, मग थंडी, आन् सगळ्यात जास्ती घरातलं भांडान."

नुसतं सांगून थांबला असता तर तो बापू कसला? टोपाची कड शिवाच्या खांद्याला घासते म्हणून त्यानं तिथं मेंढीची लोकर शिवली. जोडे रोज खोबरेल चोळून मऊ केले. आदल्या दिवशी शिवानं हरभऱ्याची उसळ खाल्ल्याचं कळलं की उतरणं रद्द. एकदा हेडक्लार्क या रद्द प्रकरणावरून त्याच्यावर कडाडले. बापू शांतपणे ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "सायेब, तुमी आत्ता खाल्ली एवढ्या हवंत शिवा निम्मी जाळी उरकतो."

कोल्हापुरात राहून पैलवानांना नावं ठेवायची छाती फक्त त्याचीच. एका तालमीतला गडी पैज मारून टोप घालून उतरला होता. एकेक दंड माझ्या मांडीएवढा. पाचव्या मिनिटाला दोराला असे झटके बसायला लागले की बापूचं मनगट सोलून निघालं. गड्याला वर ओढला, टोप काढला, तर त्यानं आधी आभाळाला हात जोडले आणि मग तिथंच बसकण मारली. बापू घाम पुसत म्हणाला, "एवढं थोरलं धड. भ्या ठेवायला जागाबी तेवढीच की."

पण त्याचा खरा जाच सोसला तो शिवाच्या बायकोनं, ताराबाईनं. नवरा-बायको दोघंही तोंडानं तिखट. ती आमच्याच गल्लीत राहायची, त्यामुळं मला सगळं ऐकू यायचं. बापू रोज दिवेलागणीला त्यांच्या घरी जायचा, चुलीपाशी पाट ओढून बसायचा आणि आवाज चढला की हात वर करायचा. "थांब तारे. ह्ये तुझं वाक्य उद्या खाली धा मिंटं खानार. फुडचं परवा बोल."

"भाऊसाहेब," ताराबाई एकदा कपाळाला हात लावून मला म्हणाली, "सासू न्हाय म्हणून माझ्या बानं ह्या घरात दिली मला. तर ह्यो म्हातारा चुलीपाशी येऊन बसलाय." असं म्हणत म्हणत ती त्याच्यापुढं भाकरी टाकायची. जेवणाच्या वक्ताला बसलेल्या माणसाला उठ कसं म्हणायचं? बापूही 'कशाला, कशाला' म्हणत दोन भाकऱ्या संपवायचा. आम्ही त्याला मागं चोंबडा म्हणायचो.

अशी पाच-सहा वर्षं गेली. मग मुंबईहून एक तरुण इंजिनीयर आला आणि त्याच्याबरोबर पेटीतून हवा दाबून भरलेली एक लोखंडी टाकी आली. ती पाठीवर बांधायची, रबरी तुकडा दाताखाली धरायचा, डोळ्यांवर काच चढवायची, की माणूस मोकळा. टोप नको, नळी नको, पंप नको. साहेबांचं इंग्रजी मी बापूला मराठीत सांगितलं. तो सगळं ऐकून एवढंच म्हणाला, "म्हंजी काठावर कुनी लागत न्हाय."

टाकी तासभर पुरते, असं साहेब म्हणाले होते. शिवा पंचविसाव्या मिनिटाला वर आला तो धापा टाकत, ओठ निळे पडलेले. पायऱ्यांवर पालथा पडून म्हणाला, "पाठीवर म्हस बसल्यागत हुतंय." दुसऱ्या दिवशीही तीच गत, आणि जाळी होती तशी तुंबलेली. साहेब वैतागले. सोमवारी शेवटची चाचणी, नाही जमलं तर टाकी मुंबईला परत, असं त्यांनी जाहीर केलं.

मला मनातून बरं वाटलं. बापूला बाजूला घेऊन म्हणालो, "देव पावला समजा. सोमवारपर्यंत फक्त गप्प बसा. टाकी गेली की तुमचा पंप आहेच."

बापू पाण्याकडं बघत होता. "भाऊसाहेब, म्या बुडबुडं मोजलं," तो म्हणाला. "टाकीत काय बी खोट न्हाय. पट्टा छातीला काचतोय, म्हणून पुरता श्वास घेता येत न्हाय त्येला, अर्धं-अर्धं घेतोय. शिसं जास्ती बांधलंय, म्हणून सारखं पाय मारतोय. आन् कमरंला दोर न्हाय, म्हणून घाबरलाय."

"मग घाबरू दे की! तुमचं काम जाईल बापू."

त्यानं स्वतःचे दोन्ही हात पुढं धरून बघितले. "माझा हात आता पंधरा मिंटांत जड पडतोय. खाली त्येला अजून कळलेलं न्हाय. मला कळतंय."

रविवारी संध्याकाळी मी मुद्दाम शिवाच्या घरात डोकावलो. बापूनं स्वतःच्या घोंगडीच्या पट्ट्या फाडून टाकीच्या पट्ट्यांना आतून शिवल्या होत्या. कमरपट्ट्याचे शिशाचे दोन ठोकळे काढून कोपऱ्यात ठेवले होते. आणि शिवा चुलीसमोर जमिनीवर उताणा, तोंडात तो रबरी तुकडा, छातीवर बापूचा हात. "सावकास. तव्यावर भाकरी फुगंस्तवर एक श्वास. तारे, टाक फुडची." ताराबाई हसून हसून बेजार झाली होती आणि भाकऱ्यांचा ढीग पडला होता.

शिवानं तोंडातला तुकडा काढून विचारलं, "आन् दोर?"

"म्या काठावर बसतो की," बापू म्हणाला. "तुला दिसलो न्हाय तरी हाय."

सोमवारी शिवा खाली उतरला. बापू पायरीवर उकिडवा बसून पाण्याकडं बघत होता. बुडबुडे येत होते, पण एकेक, संथ. पन्नास मिनिटांनी शिवा वर आला, पायऱ्या चढून आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "झाली जाळी मोकळी." धापसुद्धा लागली नव्हती त्याला. साहेबांनी त्याची पाठ थोपटली, टाकीचे फोटो काढले. बापूकडं कुणी बघितलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या घाईत मीही नाही.

बापूला काढलं नाही. जॅकवेलच्या फाटकावर पहारेकरी म्हणून नेमलं, एक स्टूल दिलं. पंप गोणपाटात बांधून शेडमध्ये गेला. महिन्याभरानं माझ्या लक्षात आलं की संध्याकाळी गल्लीत बापू दिसत नाही. मी फाटकाशी सायकल थांबवून विचारलं, "शिवाकडं जाणं बंद केलंत वाटतं?"

"आता कशापायी जाऊ?" तो म्हणाला. "पोरगं शिकलं की. परवा भांडून उतरलं, तरी पन्नास मिंटं काढली त्येनं. आता काय निमित्त सांगून पाट मागू?"

मला फार वाईट वाटलं. बापू मुंबईला असताना त्याची बायको इकडं वारली होती, हे मला ठाऊक होतं. परत आल्यापासून तो गंगावेशीतल्या एका खोलीत एकटाच स्वतःच्या हातानं पिठलं शिजवून खात होता, हेही ठाऊक होतं. ते आणि त्याचं रोज ताराबाईच्या चुलीपाशी पाट ओढून बसणं शेजारी ठेवून बघायचं मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. चोंबडा म्हणून हसायला तेवढा मी पुढं होतो.

पुढच्याच आठवड्यात ताराबाईनं मला गल्लीत अडवलं. "भाऊसाहेब, म्हातारा बरा हाय न्हवं? येत न्हाय त्यो. हाताला सवय लागलीया, रोज दोन भाकऱ्या जास्तीच हुत्यात."

मी ते शब्द जसेच्या तसे फाटकावर नेऊन पोचवले. बापू जमिनीकडं बघत म्हणाला, "तिला म्हणावं, पीठ कमी मळ."

हा निरोप मी काही दिला नाही. दुसऱ्या दिवशी सायकल फाटकाशी आली, तर बापू स्टुलावरून उठून उभा.

"सांगितलासा का तिला?"

"नाही, भेटली नाही अजून."

त्याच्या दुसऱ्या दिवशीही त्यानं तेच विचारलं आणि मीही तेच सांगितलं. पुढं हे रोजचंच झालं. ताराबाई सकाळ-संध्याकाळ माझ्या दारावरून पाण्याला जाते, हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी माझं ऐकून तो पुन्हा स्टुलावर टेकायचा आणि म्हणायचा, "गडबड न्हाय भाऊसाहेब. सावकास सांगा."