यादवसरांचा गुंडाळलेला धागा

यादवसरांसमोर कुणी फेटा बांधून आलं, की मला धडकी भरायची. सर खुर्ची पुढे ओढायचे आणि गोड आवाजात म्हणायचे, "जरा काढून देता का? एक गंमत दाखवतो." आता आमच्याकडे माणसाला फेटा काढायला सांगणं म्हणजे त्याची अब्रूच मागणं. पण सरांना फेट्यात अब्रू दिसतच नसे. त्यांना धागा दिसे.

सर सांगलीत एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, मी तिथेच मराठी. विश्रामबागेत आमची बिऱ्हाडं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे मुलांना जे तासाला ऐकावं लागे ते मला जेवतानाही ऐकू येई. पंचाहत्तरच्या सुमारास त्यांनी बाहेरच्या कुठल्याशा मासिकात वाचलं, की पेशीतला डीएनएचा लांबलचक धागा मोकळा पसरलेला नसतो. तो प्रथिनांच्या बारीक गोळ्यांवर गुंडाळलेला असतो. झालं, तेव्हापासून वहिनींच्या शिवणाच्या डब्यात रीळ म्हणून राहिलं नाही.

"धागा तोच. उघडलंय काय ते बघा," हे त्यांचं पालुपद. डोळ्याच्या पेशीत आणि हाडाच्या पेशीत धागा एकच, अख्ख्या शरीराची सगळी माहिती त्याच्यावर. जो भाग गच्च गुंडाळला गेला तो वाचताच येत नाही. उघडा राहिला तेवढा वाचायचा आणि पेशीनं तेवढंच व्हायचं. हाडांच्या मज्जेत मात्र काही मूळ पेशी असतात, त्यांचं अजून पुरतं ठरलेलं नसतं. त्यांचा धागा सैल असतो. त्यांच्याबद्दल बोलताना सरांचा आवाज इतका मऊ व्हायचा, की आपण कुणा तान्ह्या बाळाविषयी ऐकतोय असं वाटे.

साताऱ्याला माझ्या मेहुणीच्या लग्नात त्यांनी नवऱ्या मुलाच्या मामांनाच गाठलं. मामा लष्करातून सुभेदार होऊन आलेले, मिशा फेट्याइतक्याच कडक. सरांनी फेटा मागितला आणि मांडवातला तो कोपरा चिडीचूप झाला. लग्न मोडतंय की काय, म्हणून माझे सासरे माझ्याकडे बघायला लागले. मी मध्ये पडून हे गृहस्थ वेडे नाहीत, प्रोफेसर आहेत असं सांगितलं. मामांना दोहोंत फारसा फरक वाटला नसावा, पण त्यांनी फेटा दिला. सरांनी तो पंगतीतल्या पेल्यांवर एकेक वेढा देत गुंडाळला आणि सगळं समजावलं. मामांनी एका पेल्यावरचा वेढा बोटानं सैल करून पाहिला. मग म्हणाले, "मंजी पलटणीत समद्यांस्नी एकच पुस्तक, पर आचाऱ्यानं त्याचंच पान वाचायचं. आसंच न्हवं?" सरांनी त्यांना मिठी मारली. माझ्या सासऱ्यांनी मात्र मला वर्षभर क्षमा केली नाही.

कॉलेजात कुणी एखाद्या पोराला ढ म्हटलेलं सरांना खपत नसे. "त्याच्यात सगळं आहे, उघडलेलं नाही," म्हणून ते भांडायचे. सर मूळचे विट्याचे. तिकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी, म्हणजे गलाईसाठी, देशभर जातात. शिकणाऱ्या मुलाला बाप दुकानावर नेणार असं कानावर आलं, की सर तास टाकून एसटीनं विट्याला जायचे आणि बापाची मनधरणी करायचे. बहुतेक वेळा हात हलवत परत यायचे आणि मग त्या दिवशी जेवायचे नाहीत. एवढं मनाला लावून घ्यायचं कारण मला कळत नसे.

ते वहिनींनी सांगितलं. सरांना जुळा भाऊ होता, घटकाभर आधी जन्मलेला, म्हणून दादा. दोघं चौथीत असताना वडील मद्रासकडच्या दुकानातून आले. एकाला बरोबर न्यायचं होतं. त्यांनी आधी सरांचाच हात धरला. सरांनी रडून आकांत केला, तेव्हा दादा पुढे झाला आणि गाडीत जाऊन बसला. दादाच्या पैशावर सर शिकले. सणावारी भेटी व्हायच्या, पण तुझा माझ्यावर राग आहे का, हे विचारायचा सरांना उभ्या जन्मात धीर झाला नव्हता.

दुकान मुलाच्या हाती देऊन दादा गावी परतले आणि एकदा सांगलीला आले. त्यांनी चुकून आमचंच दार वाजवलं; मी उघडलं आणि चरकलो. सरच, फक्त काळवंडलेले, हातांवर भट्टीचे डाग. दुपारी सर त्यांना प्रयोगशाळेत घेऊन गेले, आणि मलाही ओढून नेलं. एकटं जायची भीती वाटत असणार.

सरांनी दोघांच्या बोटातलं रक्त दोन काचांवर घेतलं, रंग चढवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशी दाखवल्या. जांभळ्यात गडद ते गुंडाळलेलं, फिकट ते उघडं. दादांनी दोन्ही काचा आलटून पालटून पाहिल्या.

"ह्यातलं माजं कंचं?"

"वळखू येत न्हाई, दादा. धागा एकच हाय." वर्गात शुद्ध बोलणारे सर विट्याचं बोलायला लागले होते. "माज्यात हाय ते समदं तुज्यात बी हुतं. तुजं कुणी उघडूच दिलं न्हाई. माज्यापायी."

हे बोलून सर टेबलाची कड धरून उभे राहिले. 

दादांनी भावाकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. "येडा हायस व्हय रं? मी मद्रासात समद्या गिऱ्हाइकांस्नी सांगत हुतो, माजा भाऊ प्रोफेसर हाय म्हणून. सांगताना मला कवा वाटलंच न्हाई, की शिकलेला तो दुसरा कुणी हाय."

सरांनी चष्मा काढला आणि ते रडले, चौथीतल्या मुलासारखे, आवाज करून. दादांनी त्यांना रडू दिलं. मग स्वतःच स्टूल ओढून पुन्हा नळीला डोळा लावला आणि म्हणाले, "आता आणि काय काय हाय तुज्याकडं, दाव."

सर कपाटातल्या काचा एकेक काढून देत राहिले. फुलपाखराचा पंख, बेडकाची कातडी, कांद्याचा पापुद्रा. दादा प्रत्येक काच मनसोक्त बघत होते. एरवी रस्त्यातल्या माणसाला थांबवून समजावणारे आमचे सर त्यातल्या एकाही काचेबद्दल काही समजावायला गेले नाहीत.