सुवार्ताबाईंचा गुडघा

प्रवचन संपलं की ज्याला वाटेल त्यानं उभं राहून मोठ्यानं प्रार्थना करायची, अशी त्या जुन्या दगडी चर्चची पद्धत होती. कुणी पावसासाठी मागायचं, कुणी नातवाच्या बारावीसाठी. सयाजी चोपडे उभे राहिले की मात्र पुढचं सगळ्यांना पाठ असायचं. "देवा, हिच्या गुडघ्याला आराम पडू दे, आमेन." एवढं बोलून ते खाली बसायचे. बस डेपोत जन्मभर मेकॅनिक म्हणून राबलेला माणूस. बिघाड कुठं आहे तेवढं सांगावं, बाकीचं ज्याचं काम त्यानं करावं, असा त्यांचा देवाशीही व्यवहार होता.

त्या रविवारीही ते उठले, तेच बोलले आणि बसले. पण आमेन म्हणायला कुणाचं तोंड उघडेना. सुवार्ताबाई दिवाळीच्या आधीच वारल्या होत्या, आता नाताळही होऊन गेला होता, आणि त्यानंतर सयाजी आज पहिल्यांदाच प्रार्थनेला उठले होते. आमेनच्या जागी बायकांच्या बाजूनं एक हुंदका आला, तेव्हा कुठं आपण काय बोललो ते सयाजींच्या ध्यानात आलं.

उपासना संपल्यावर प्रवचन करणाऱ्या पाळकसाहेबांनी त्यांना व्हरांड्यात बाजूला घेतलं. पाळक तरुण होते, शिकलेले होते आणि मनानंही चांगले होते. "सयाजीभाऊ, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले, "पण गेलेल्यांसाठी आपण प्रार्थना करत नाही. त्या प्रभूजवळ आहेत. तिथं कुणाचे गुडघे दुखत नाहीत."

यात चुकीचं काहीच नव्हतं, आणि तीच पंचाईत होती. चुकीचं असतं तर सयाजींना भांडता तरी आलं असतं. बायकोला माती देताना वाटलं नव्हतं इतकं एकटं त्यांना त्या व्हरांड्यात वाटलं. पुढच्या रविवारी प्रार्थनेची वेळ आली तशी सगळी मंडळी धास्तीनं त्यांच्याकडे बघू लागली. शेजारच्या म्हाताऱ्यानं तर खबरदारी म्हणून त्यांचा शर्ट मागून धरून ठेवला. सयाजींनी शर्ट सोडवून घेतला, चपला घातल्या आणि ते बाहेर पडले. जिथं बायकोचं नाव घेऊन देवाकडे चार शब्द बोलता येतील असं चर्च आपण शोधायचं, असं त्यांनी मंगळवार पेठेतल्या घरी पोचेपर्यंत ठरवूनही टाकलं.

कॅथलिक लोक मेलेल्यांसाठी प्रार्थना करतात, हे त्यांना डेपोतल्या एका जुन्या सोबत्याकडून ठाऊक होतं. म्हणून पहिल्यांदा ते तिकडे गेले. मिस्साला, म्हणजे त्यांच्या उपासनेला, कधी उठायचं आणि कधी गुडघे टेकायचे ते कळेना, म्हणून त्यांनी पुढच्या बाकावरच्या आजीवर नजर ठेवली. आजीला संधिवात होता. ती तिच्या सवडीनं उठायची, तिच्या सवडीनं बसायची. तिच्या मागं सयाजी आणि सयाजींना जाणकार समजून त्यांच्या मागचे दोन नवखे, अशी एक वेगळीच उपासना त्या कोपऱ्यात चालली होती.

वयस्कर फादरांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. नाव सांगा, मिस्सात घेऊ, म्हणाले. सयाजींना इतकं बरं वाटलं की त्यांनी सहज विचारलं, यानं हिला काय होईल? फादरांनी समजावलं की माणूस देवासमोर जाण्याआधी त्याची शुद्धी होते, आणि आपली प्रार्थना त्यात त्याला हात देते.

"म्हंजे ही अजून पोचली न्हाय?" सयाजींनी विचारलं.

"ते देवालाच ठाऊक. आपण मागत राहायचं."

"फादर, जन्मात एकदाच खोटं बोलली ती. ते बी माझ्या आईजवळ, मला वाचवायला. तेवढ्यासाठी वाटंत थांबवलंय व्हय तिला?"

फादर हसले, तसं नसतं म्हणाले आणि त्यांच्या परीनं पुन्हा नीट समजावून सांगू लागले. पण सयाजींच्या डोळ्यांपुढं एक लांबलचक रांग उभी राहिली होती आणि तो गुडघा घेऊन सुवार्ताबाई त्या रांगेत ताटकळत होत्या. ते चित्र काही केल्या पुसेना. एकीकडे तिला कशाची गरज नाही म्हणतात, दुसरीकडे ती पोचलीच नाही म्हणतात. सयाजींनी हात जोडले आणि निरोप घेतला.

मग कुणीतरी जवळच्या गडमुडशिंगी गावात प्रार्थनासभा घेणाऱ्या ब्रदर आदर्शचं नाव सांगितलं. पत्र्याच्या शेडमध्ये भरणारी ती संगती पाहून सयाजी हरखलेच. तिथं सगळेजण एकदम आणि मोठमोठ्यानं प्रार्थना करत होते. कोण काय मागतोय ते कुणालाच ऐकू जात नव्हतं. सयाजींनी डोळे मिटले आणि कितीतरी दिवसांनी पोटभर बायकोचं नाव घेतलं.

नेमका त्याच वेळी ब्रदर आदर्श माइक घेऊन त्यांच्याजवळून चालला होता. "गुडघा" एवढं त्याच्या कानावर पडलं. "काका, कुणाचा गुडघा?"

"बायकोचा," सयाजी म्हणाले. पुढचं सांगायच्या आत माइक ब्रदरच्या तोंडाशी परत गेला होता. सगळी शेड सुवार्ताबाईंच्या गुडघ्यासाठी ओरडू लागली. पत्रा हादरला आणि शेवटी ब्रदरनं जाहीर केलं की गुडघा बरा झाला. वैनींना घेऊन या, सगळ्यांसमोर साक्ष द्यायला, असं आमंत्रणही मिळालं.

शहाणा माणूस पुन्हा तिकडं फिरकला नसता. पण तिच्या नावाला इतक्या लोकांनी मिळून आमेन म्हटलेलं सयाजींनी त्या दिवशी ऐकलं होतं, आणि त्याचा मोह त्यांना सुटेना. पुढच्या रविवारी वैनी कुठं आहेत असं विचारल्यावर ते म्हणाले, "गेलीया लांब." ब्रदरनं विचारलं, चालताना त्रास होतो का? सयाजी म्हणाले, न्हाय. दोन्ही उत्तरं खरी होती. ब्रदरनं माइकवरून सांगितलं की जिला घरातला उंबरा ओलांडवत नव्हता ती बाई आता गावोगाव फिरतेय. बातमी आजूबाजूच्या गावांत पोचली. गुडघेदुखीच्या बायका शेडमध्ये येऊ लागल्या आणि त्या सगळ्यांना एकदा सुवार्ताबाईंना डोळ्यांनी बघायचं होतं. त्या येत नसतील तर आपण जाऊ, असं ठरलं.

अशा रीतीनं एका दुपारी मंगळवार पेठेत सयाजींच्या दारात टेंपो थांबला. ब्रदर आदर्शच्या मागोमाग एकमेकींना हात देत बायका उतरल्या आणि घरात जमेल तशा बसल्या. पाळकसाहेबही मंडळीतल्या दोन जाणत्यांना घेऊन त्याच वेळी आले होते, कारण आपला माणूस गडमुडशिंगीला जातो हे त्यांच्या कानावर गेलं होतं. सयाजींची अवस्था धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय अशी झाली. ते नुसतेच पाणी वाटत सुटले.

"वैनी आल्या न्हाईत अजून गावास्नं?" ब्रदर आदर्शनं विचारलं.

शेजारच्या बसम्मा रोजच्यासारख्या भाकऱ्या घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनीच उत्तर दिलं. "कुठली वैनी? सुवार्ताक्का? ती वारली की हो, दिवाळीच्या आधीच."

आपापले गुडघे चोळत बसलेल्या बायकांचे हात थांबले. ब्रदरचा चेहरा उतरला. "काका, गावागावांत सांगून बसलोय की मी. बाई हयात नव्हती तर गुडघा कशाला सांगितला?"

सयाजी तांब्या हातात घेऊन तसेच उभे राहिले. "मला दुसरी प्रार्थनाच येत न्हाय," ते म्हणाले. "लगीन झाल्यापासनं घर, पोरं, पाऊसपाणी, माझा बीपी, सगळं तीच मागायची. माझ्या वाटणीला तेवढा गुडघा आलता. तो बी काढून घेतलासा, तर नुसतं आमेन राहतंय. नुसतं आमेन कसं म्हणायचं?"

तेवढ्यात टेंपोतल्या एका आजीनं बसम्मांना हळूच विचारलं, "मग आमच्या गुडघ्यांचं काय करायचं म्हणायचं?"

हसू नये असं सगळ्यांनाच वाटत होतं, पण सगळेच हसले. सयाजीही हसले. हसता हसता त्यांना रडू फुटलं, ते मात्र आवरेना. माती दिली त्या दिवशी पाहुणे, शवपेटी आणि फुलं बघण्यात ते रडायचं राहूनच गेलं होतं. पाळक त्यांच्या एका बाजूला बसले, ब्रदर दुसऱ्या बाजूला. रडू नका, त्या सुखात आहेत, असं यावेळी कुणी म्हणालं नाही. बसम्मांनी चहा टाकला.

जाताना पाळकसाहेब दारात घुटमळले. "रविवारी या," ते म्हणाले. "आणि वाटेल ते बोला. चुकलं तर मी देवाशी बघून घेईन."

रविवारी सयाजी आपल्या जुन्या चर्चमध्ये गेले. प्रवचन झालं, गीत झालं आणि ते उभे राहिले. मंडळी खाली मान घालून वाट बघत होती.

"देवा," ते म्हणाले, "हिचं काय ते तू बघतच असशील. मला घरात करमत न्हाय. आमेन."

बायकोनं कधी कमी पडू दिलं नव्हतं, त्यामुळे स्वतःसाठी काही मागायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. आणि घरात करमायला जे लागतं ते आता मिळण्यासारखं नाही, हे त्यांच्यासकट तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरीही आमेन सगळ्यांनी म्हटलं.